धोका कोणापासून

"बाई, तुमच्या मुलाच्या जिवाला धोका कोणापासून आहे?"

मुरकुटे जमादारानं हे विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात माझ्याच घरचा शेंगदाण्याचा लाडू होता. ओसरीवर बाजेवर मांडी घालून बसला होता, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला सुतळीनं बांधलेला पेन. माणूस वाईट नव्हता. पण लाडू खाता खाता मरणाची चौकशी करणारा मी पहिल्यांदाच बघत होते.

"आधी गिळा," मी म्हणलं. "मग विचारा."

तो हसला. माझा अंगद दाराला टेकून उभा होता, तो नाही हसला. त्यानं डोळ्यानं मला खुणावलं. काय बोलायचं ते आठ दिवस त्यानं माझ्याकडून घोकून घेतलं होतं. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण घोकायला मला कधी जड गेलं नाही.

"माझा दीर, गोरोबा," मी म्हणलं. "बांधाच्या कारणावरून त्यानं माझ्यासमोर अंगदला शिव्या दिल्या आन् जिवे मारीन म्हणला."

जमादारानं लिहिलं. तेवढ्यात अंगणातून गोरोबाचा पोरगा परमेश्वर आला. पहाटे घाटापर्यंत पळायला जायचा, तो परत येत होता. अंगावर बनियन, गळ्यात टॉवेल, घामानं निथळलेला.

"जिजी, च्या ठेव गं," असं ओरडून तो हौदाकडं गेला. मला सगळं गाव जिजी म्हणतं.

"हा कोण?" जमादारानं विचारलं.

"गोरोबाचा. पोलीस भरतीची तयारी करतोय."

"छाती बरी आहे," असं म्हणून जमादारानं पेनाचं टोपण चावलं आणि मला अजून एक प्रश्न विचारला. अंगद तेव्हा त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेला होता. मी उत्तर दिलं. घोकलं होतं त्याच्यापेक्षा थोडं जास्तच बोलले. ते जास्तीचं काय, ते सांगणार आहे, पण जाग्यावर सांगणार.

"अंगठा की सही?"

"सही," मी म्हणलं. पेन त्याच्या हातातून ओढूनच घेतला. द्वारकाबाई निवृत्ती नरवडे. एक अक्षर वर, एक खाली, पण सही.

मग मी आत जाऊन चहा ठेवला. जमादाराला एक कप दिला. परमेश्वर हातपाय धुऊन आला, त्याला दोन दिले. पळून आल्यावर त्याला एकानं भागत नसे.

ह्याला आता चौदा वर्षं झाली.

आमचं चिंचदरा बालाघाटाच्या डोंगरात. माझे मालक गेले तेव्हा अंगद एकोणीस वर्षांचा होता. त्यानं डोंगराला खडीची मशीन टाकली आणि दहा वर्षांत वर आला. पांढरी मोठी गाडी आली, माणसं मागं फिरायला लागली. मग त्याला दिसायला लागलं की बाकीच्यांच्या कमरेला आहे आणि आपल्या कमरेला नाही.

तेव्हा आमच्या तालुक्यात तशी रीतच पडली होती. लग्नात पाहुणा आला की आधी त्याच्या कमरेकडं बघायचं. पंक्तीत बसताना शर्ट मुद्दाम वर सरकवायचा. पूर्वी सोयरीक जुळवताना जमीन किती, विहिरीला पाणी किती विचारायचे. आता मुलाला बंदुकीचा परवाना आहे का, असं विचारणारे मी माझ्या कानानं ऐकले.

"जिजी, माझ्या मागनं धंद्यात आलेली पोरं कमरेला लावून हिंडतेत," अंगद म्हणाला. "मी बसलेल्या खुर्चीवरनं मला उठवतेत."

"कमरेला करगोटा हाय ना? तुझ्या बापानं तेवढ्यावर जन्म काढला."

"बापाचा काळ गेला."

"व्हय. बाप पण गेला."

वरून असं बोलले. आतून मला ते पटलं होतं. खोटं कशाला लिहू? नरवड्याच्या घरात बंदूक, गावात पहिली. मला ते डोळ्यांपुढं दिसायला लागलं होतं.

पहिला अर्ज परत आला. धंद्याचं कारण पुरेसं नाही, असा शेरा होता. तहसीलबाहेर रिठे म्हणून टायपिंगवाला बसायचा, त्याच्याकडं अंगद गेला. मी तेव्हा गाडीतच होते, दातांच्या डॉक्टरकडं चालले होते. रिठे खिडकीशी येऊन बोलला.

"मालक, परवान्याला वैरी लागतो. बिगर वैऱ्याचा अर्ज म्हणजे बिगर नवरीचं लग्न. नाव लागतं, नाव. धोका कोणापासून, असा रकानाच आहे. आणि ठाण्यात एखादी तक्रार नोंद असली, कुणी धमकी दिली वगैरे, तर फाईल आपोआप चालते."

"मला कुणी धमकीच देत न्हाई," अंगद म्हणाला. एवढा खट्टू झाला होता जसं काही पोरगी दाखवून नकार आला.

रिठे म्हणाला, "मग बघा कुणी देतंय का."

मग घरी दोन दिवस तोच विचार. वैरी कुणाला करायचं? पलीकडच्या वाडीला दुसऱ्या खडीच्या मशीनवाल्याशी अंगदचं वाकडं होतं. त्याचं नाव घ्यावं तर तो खरंच अंगावर यायचा. गावातला दुसरा कुणी घ्यावा तर त्याची भावकी उठायची. शेवटी अंगदनं मांडीवर थाप मारली.

"घरचाच माणूस बरा. घरच्याला सांगता येतं समजावून. काका काय माझ्यावर उलटणार हाय का?"

मला पण ते बरोबर वाटलं. आज कुणी ऐकेल तर म्हणेल, काय बिनडोक माणसं. पण तेव्हा आमच्या घरात एकालाही ते बिनडोकपणाचं वाटलं नाही. परक्याला वैरी केलं तर वैर होतं. आपल्या माणसाला केलं तर ते नुसतं काम असतं.

गोरोबा माझा धाकटा दीर. पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा धरून रानात चालायचा, नारळ उभा राहिला की म्हणायचा, खोदा. पाच गावच्या विहिरी त्यानं दाखवलेल्या. आमची घरं समोरासमोर, मधे एकच अंगण. त्याच अंगणात अंगदनं त्याला सांगितलं.

"काका, एक काम होतं. कागदापुरतं वैरी व्हायचं."

"वैरी? कुणाचा?"

"माझाच."

गोरोबा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "आरं, तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली मी. आता ह्या वयात वैरी कसा होऊ?"

"कागदावर, काका. तुम्ही मला बांधावर शिव्या दिल्या, मारीन म्हणले, एवढंच लिहायचं. परवाना आला की काढून टाकू."

"कोणत्या शिव्या दिल्या म्हणून लिहिणार?"

"लिहू काहीतरी."

"काहीतरी नको. आयमायवरनं नको. गावात माझं नाव हाय."

त्याची बायको सोजर, माझी जाऊ, उंबऱ्यात गहू पाखडत होती. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "आन् उद्या काही झालं म्हंजी?"

"काय होतंय काकू? कागद हाय नुसता."

"सोजर," मी म्हणलं, "तुझ्या नवऱ्याला मुंगी चावली तर तो मुंगीला इचारतो, लागलं का. त्याच्या धमकीवर कुणी इश्वास ठेवतंय का, ह्याचीच मला काळजी हाय."

सगळे हसले. परमेश्वर रात्री शहरातल्या अ‍ॅकॅडमीतून आला, त्याला कळलं तेव्हा तोही हसला. त्या दिवसापासून बापाला डाकू म्हणायला लागला. "डाकू, जेवायला चला." गोरोबालाही ते आवडायचं.

अशी तक्रार झाली, तिच्या चौकशीला मुरकुटे जमादार आला, लाडू खाऊन गेला. महिन्याभरानं गोरोबाला ठाण्यात बोलावलं. तिथं त्याला दम दिला, दोन-तीन कागदांवर अंगठे घेतले, दोन कागद हातात दिले. तो घरी येऊन म्हणाला, "लई इज्जतीनं दम दिला. बसायला बाकडं दिलं." कागद त्यानं घडी करून पत्र्याखालच्या आढ्याला खोचले. त्याला वाचता येत नव्हतं आणि वैरीपणाच्या कागदात वाचायचं काय असतं?

फाईल खरंच चालली. तालुका, जिल्हा, ह्याची सही, त्याचा शिक्का. सगळं मिळून दीड वर्ष गेलं आणि पिस्तूल घरी आलं. मी पाटावर लाल कापड घातलं, त्यावर ते ठेवून हळदकुंकू वाहिलं. सोजरनं ओवाळलं. गोरोबा वाकून बघत होता.

"हे एवढंसं? माझा नारळ ह्याच्याहून मोठा हाय."

"ह्याच्यानं माणूस मरतं, काका."

"नारळानं पण मरतं. झाडावरनं पडला की." मग तो हळूच म्हणाला, "अंगद, आता मला वैरीपणातनं मोकळं कर बाबा. झालं ना काम?"

"करतो की काका. ह्या आठवड्यात जातो."

गेला नाही. कुणीच गेलं नाही. परवाना मिळाल्यावर ठाण्यात जाऊन वैरी खोटा होता म्हणून कोण सांगतं?

परमेश्वर त्या साली मैदानात पास झाला, लेखीत पास झाला, डॉक्टरनं छाती मोजली, दात मोजले, तिथंही पास. यादीत नाव लागलं. सोजरनं गावभर पेढे वाटले. मग एक फॉर्म भरायचा असतो, तुमच्यावर कधी गुन्हा, तक्रार, काही आहे का म्हणून. त्यानं प्रत्येक ठिकाणी नाही, नाही, नाही लिहिलं. खरंच लिहिलं. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं.

पावसाळ्याच्या तोंडाला त्याला पत्र आलं.

तो ते घेऊन आमच्या अंगणात आला तेव्हा मी तूर निवडत बसले होते. अंगद गाडी पुसत होता.

"दादा, हे काय हाय?"

अंगदनं वाचलं. मग परत वाचलं. पत्रात होतं की उमेदवारावर जिवे मारण्याच्या धमकीची तक्रार ठाण्यात नोंद असून ती माहिती त्यानं दडवली, म्हणून त्याची निवड रद्द. परमेश्वरनं बापाच्या घरात जाऊन आढ्याचे कागद काढून आणले. दोन कागद होते. एक गोरोबाच्या नावाचा. दुसरा परमेश्वर गोरोबा नरवडेच्या नावाचा, तोही बापानंच अंगठा देऊन घेतलेला. दीड वर्षाच्या वर तो कागद त्याच्या झोपायच्या जागेच्या बरोबर वर खोचलेला होता.

"तुझ्या गळ्याची आण," अंगद म्हणाला, "मी फक्त काकाचं नाव दिलं होतं. त्या रिठ्यानं घुसडलं असंल."

"रिठ्यानं कामून घुसडलं असंल? त्याला माझं नाव कुठं ठाऊक?"

"मला काय ठाऊक?"

"दादा, तुझ्या तक्रारीत नाव हाय. तुझ्या."

अंगदनं आईची, म्हणजे माझी, शपथ घेतली. परमेश्वर त्याच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं बघितलं. मी तूर निवडत होते. निवडत राहिले.

त्याचं पळणं बंद झालं. सकाळी चहाला येणं बंद झालं. दोन्ही घरांची दारं एकमेकांसमोर उघडी असायची, पण एक माणूस बाहेर आला की दुसरा आत जायचा. अंगदनं पिस्तूल कमरेला लावायला सुरुवात केली ती अशी की परसाकडं जाताना पण सोडेना. इतके दिवस ज्या वैऱ्याचं नाव नुसतं कागदावर होतं, तो आता समोरच्या घरात खरोखर बसलेला होता.

असे बारा-पंधरा दिवस गेले. एका दुपारी अंगद डोंगरावर मशीनकडं गेला होता. सोजर पदराखाली काहीतरी धरून माझ्या घरात आली आणि दार लोटून घेतलं. तिच्या हातात फडक्याचं गाठोडं होतं. ते तिनं माझ्यासमोर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकली.

"ज्वारी काढायला कणगीत हात घातला, तर हाताला गार लागलं," ती म्हणाली.

मी फडकं सोडलं. लोखंडी नळी, लाकडाची मूठ, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. हापशाच्या दांड्याला पोर झाल्यासारखं दिसत होतं.

"कुठनं आणलं?"

"शहरात बसस्टँडच्या मागं म्हणं. पानाच्या टपरीवर सांगायचं, सांजच्याला मिळतं. त्याच्या संगतीच्या पोरानं आणून दिलं."

एकाच्या बंदुकीला दीड वर्ष लागलं, जिल्ह्याच्या साहेबाची सही लागली, वैरी लागला. दुसऱ्याच्या बंदुकीला एक फोन पुरला.

"त्याला इचारलंस?"

"इचारलं. म्हणतो, दादाला एकदाच इचारणार, माझं नाव कामून घेतलं. खरं बोलला तर काही करणार न्हाई." सोजरला रडू येत नव्हतं. तिचा आवाज सुकलेला होता. "जिजी, अंगद तर ठाऊकच न्हाई म्हणतो, तो काय बोलणार? तो शपथ घेणार. आन् त्याच्याकडं पण हाय. एक सरकारी, एक चोरीचं. गोळीला काय कळतंय?"

मी गाठोडं परत बांधलं. "पोरगा कुठं हाय?"

"घरात. जेवायला बसलाय."

"चल."

"जिजी, त्याच्या हातात देऊ नका ते."

"चल म्हणलं ना."

अंगण ओलांडायला पंधरा पावलं लागतात. मी कधी मोजली नव्हती, त्या दिवशी मोजली. परमेश्वर ताटावर बसला होता, भाकरी तशीच होती. गोरोबा भिंतीशी बसून सुतळी वळत होता. मी गाठोडं ताटाशेजारी ठेवलं.

"ह्यात किती गोळ्या बसतात?"

तो आईकडं बघायला लागला.

"तिच्याकडं नको बघू. किती?"

"एक."

"एकच? मग माणूस नीट निवड. अंगदनं तुझं नाव घेतलं न्हाई. रिठ्यानं पण न्हाई. मी घेतलं."

गोरोबाच्या हातातली सुतळी थांबली.

आता ते जास्तीचं सांगते. जमादारानं पेनाचं टोपण चावून मला विचारलं होतं, "बाई, साठीचा म्हातारा जिवे मारतो म्हणून साहेब परवाना देणार नाहीत. बरोबर आणखी कुणी होतं का?" परमेश्वर हौदावर तोंड धूत होता. मी म्हणलं, "व्हय. त्याचा पोरगा पण होता." जमादारानं नाव विचारलं. मी नाव सांगितलं. एवढंच. घास गिळायला लागतो तेवढा पण वेळ लागला नाही.

हे सगळं मी त्या तिघांसमोर असंच सांगितलं.

"कामून, जिजी?" हे गोरोबानं विचारलं.

"तुझ्या बायकोला इचार."

सोजर म्हणाली, "मी काय केलं?"

"जमादार यायच्या आदल्या दिवशी हापशावर तू काय म्हणलीस? चार बायका होत्या. म्हणलीस, जिजीच्या अंगदला बंदुकीसाठी तहसीलीत टाचा घासाव्या लागतेत. माझ्या परमेश्वरला सरकार बोलावून बंदूक देणार, वर पगार देणार."

"मस्करी केली वं मी!"

"मस्करी मला कळती, सोजर. पचत न्हाई."

परमेश्वरनं ताट बाजूला सारलं. हात धुतला नव्हता. गाठोड्याची गाठ त्यानं एका हातानं सोडली. ते उचललं नाही, नुसतं उघडं केलं. मी समोर मांडी घालून बसले. पळून जायचं वय नव्हतं आणि मला तशी सवय पण नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला, "माझं काय होईल ते?"

लहानपणापासून हा पोरगा मला अगं-तुगं करायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही म्हणाला.

"पुरतं ठाऊक नव्हतं," मी म्हणलं. "पण काहीच ठाऊक नव्हतं, असं म्हणणार न्हाई."

"मी त्या दिवशी पण तुमच्या घरी च्या पिलो होतो."

"व्हय. दोन कप."

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. गोरोबा उठला, दोघांच्या मधे येऊन बसला आणि त्यानं फडक्याची टोकं परत एकत्र केली, जसं कुणी निजलेल्या लेकरावर पांघरूण घालावं.

"हे घेऊन जा, वैनी," तो म्हणाला. "आमच्या घरात ह्याला जागा न्हाई."

मी गाठोडं उचललं. दारात गेले तेव्हा परमेश्वर मागून म्हणाला, "माफी तरी मागा."

"माफी मागून तुझं नाव कागदावरनं निघत न्हाई," मी म्हणलं. "ज्यानं निघतंय ते करते."

ते गाठोडं पुढं कुठं गेलं ते मी लिहिणार नाही. मुरकुटे रिटायर झाला, कायदा रिटायर होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी एकटी ठाण्यात गेले. अंगदला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं गाडी आडवी लावली असती. ठाण्यात नवीन फौजदार आला होता, कोवळा, मिशी नुकती ठेवलेली. मुरकुटे शेजारी उभा होता. मी सगळं सांगितलं. फौजदारानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं.

"बाई, तुम्ही खोटा जबाब दिला म्हणताय. ह्याची शिक्षा तुम्हाला होईल. कळतंय का?"

"मला दुसरीपर्यंतचं सगळं कळतं."

"आणि मुलाचा परवाना जाईल."

"जाऊ द्या."

मुरकुटे म्हणाला, "साहेब, तीस वर्षं ह्या परवान्यांच्या चौकशा करतोय. माझ्या हातून गेलेल्या एकाही बंदुकीनं आजवर चोर मारला नाही. लग्नात मांडवाला भोकं पाडली. एकानं मेव्हण्याचा पाय फोडला. एकजण पुसता पुसता स्वतःच गेला. ज्याच्यापासून धोका म्हणून लिहून दिलं, त्याच्यावर एक गोळी सुटली नाही."

"मग देता कशाला?" मी विचारलं.

"मी कुठं देतो, बाई? मी फक्त विचारतो."

"आणि लाडू खाता."

फौजदारानं अंगदची फाईल मागवली होती. त्यातला तो रकाना त्यानं माझ्यापुढं धरला आणि जरा वैतागूनच म्हणाला, "गोरोबाकडून धोका नव्हता. त्याच्या मुलाकडून नव्हता. मग हा रकाना मी मोकळा सोडू का? तुमचा मुलगा पिस्तूल घेऊन हिंडतोय, कुणापासून तरी धोका असेलच की."

"मोकळा कशाला सोडता? होता की धोका."

"कोणापासून?"

"लिहा. द्वारकाबाई निवृत्ती नरवडे."

"बाई, इथं मस्करी चालत नाही."

"मी पण करत न्हाई, साहेब. दोन दिवस उशीर झाला असता तर माझ्या शब्दापायी माझं लेकरू माझ्या अंगणात मेलं असतं न्हाईतर मारून आलं असतं. लिहा."

लिहावं की नाही ते फौजदाराला कळेना. शेवटी मुरकुट्यानंच पेन घेतला, पुठ्ठा घेतला, नवीन जबाबाचा कागद लावला. तीस वर्षांच्या सवयीनं त्यानं पुढचं विचारलं.

"अर्जदाराशी नातं?"

"आई," मी म्हणलं.

त्यानं ते लिहिलं. अंगठा की सही, असं ह्या वेळी विचारलं नाही, पेन माझ्यापुढं धरला.

परवाना रद्द झाला, पिस्तूल जमा झालं. अंगद दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. माझ्या हातचं जेवायचा, बोलायचा नाही. माझ्यावर केस झाली. कोर्ट उठेपर्यंत कोर्टात बसायची शिक्षा मिळाली. बसले. कोर्ट लवकर उठतं.

परमेश्वरचं नाव कागदावरून निघालं. तोवर त्या सालची भरती बंद झाली होती आणि पुढची निघाली तेव्हा त्याचं वय चार महिन्यांनी पुढं गेलं होतं. त्यानं अर्ज केले, मुंबईपर्यंत गेला. चार महिने कुणाला माफ होत नाहीत. आता तो गावातल्या पोरापोरींना भरतीसाठी पळवतो. आठजण लागले. त्यातली एक पोरगी जिल्ह्याच्या खजिन्यावर पहाऱ्याला असते, खांद्याला ही एवढी बंदूक. सुट्टीला आली की आधी त्याच्या पाया पडते.

गोरोबा गेला. सोजर आणि मी एकमेकींशी बोलतो, हापशावरचं सोडून.

परमेश्वर अजून पहाटे पळतो. पोरांचा घोळका पुढं आणि तो शिट्टी घेऊन मागं. घाटावरून परत येताना त्याला माझ्या अंगणातूनच यावं लागतं, दुसरी वाट नाही. पावलं वाजली की मी चहा ठेवते. दोन कप गाळून ओसरीच्या कठड्यावर ठेवते. तो थांबत नाही. हौदावर तोंड धुतो आणि समोर आपल्या घरात जातो.

निवायच्या आत दोन्ही मीच पिते. चहा फेकून द्यायची आमच्यात रीत नाही. डॉक्टरनं साखर बंद केलीय, पण त्याला गोड लागायचा, म्हणून तसाच करते.